भेटीचा हुकूम आहे, पण मूल पाठवत नाहीत: दरखास्त कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा. अमळनेर तालुक्यातल्या एका वडिलांचा परस्पर संमतीने घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. सात वर्षांचा मुलगा आईकडे आहे. सहमतीच्या अटींत लिहिलंय की पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी-रविवारी मुलगा वडिलांकडे राहील आणि उन्हाळ्याची व दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी. सुरुवातीचे महिने नीट गेले. मग आई मुलाला घेऊन सुरतला भावाकडे राहायला गेली आणि तिथल्याच शाळेत नाव घातलं. पाच महिन्यांत एकही भेट नाही, फोन ब्लॉक. पोलीस म्हणतात, ही दिवाणी बाब आहे. आता काय करायचं?

पोलिसांचं या बाबतीत बरोबर आहे. मूल आईच्या कायदेशीर ताब्यात आहे. ती भेट देत नाही हा कोर्टाच्या हुकुमाचा भंग झाला, पण फौजदारी गुन्हा झाला नाही. मात्र ‘दिवाणी बाब’ म्हणजे काहीच होत नाही असं समजून घरी परतू नका. हुकूम पाळून घ्यायची हत्यारं दिवाणी कोर्टाकडे आहेत आणि ती बोथट नाहीत. ती चालतात दोन गोष्टींवर: हुकुमात नेमके कोणते शब्द आहेत, आणि तुम्ही तारीखवार काय पुरावा जमवलाय. ‘पाच महिने पोराचं तोंड पाहिलं नाही’ हे कितीही खरं असलं तरी दरखास्तीत, म्हणजे हुकूम बजावून घ्यायच्या अर्जात, त्याला फारसं वजन नाही. ‘अमुक शनिवारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी हजर होतो आणि मूल आणलं गेलं नाही’ याला आहे.

म्हणून सुरुवात नक्कल विभागापासून. निकालपत्र, हुकूमनामा (डिक्री) आणि सहमतीच्या अटी, तिन्हींच्या प्रमाणित नकला काढा. घरातल्या झेरॉक्सवर विसंबू नका, कारण गोम बहुतेक वेळा इथेच सापडते. संमतीच्या घटस्फोटात अटी मूळ अर्जात किंवा वेगळ्या निशाणीला (प्रकरणात दाखल केलेल्या वेगळ्या कागदात) असतात आणि शेवटच्या हुकूमनाम्यात एवढंच येतं की ‘उभयतांचा विवाह संपुष्टात आला’. अटी हुकूमनाम्याचा भाग असल्याचं एक वाक्य त्यात हवं. निकालपत्रात तसं म्हटलंय पण हुकूमनामा काढताना सुटलंय, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज द्या. ही लिखाणातली चूक मानली जाते. दोन्हीकडे नसेल तर दरखास्त लावून वेळ घालवू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच कोर्टात भेटीच्या हुकुमासाठी स्वतंत्र अर्ज करा आणि त्या अटी मान्य केल्याचा कागद म्हणून जोडा.

लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर काम सोपं. तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरला जातो आणि त्यावर अपीलही नाही.

आपल्याकडे आणखी एक कागद फार फिरतो: स्टँपवर नोटरीसमोर केलेली फारकत, नाहीतर पंचांपुढे झालेला लेख, ज्यात ‘मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे’ असं लिहून दोन्हीकडच्या सह्या असतात. याची दरखास्त होत नाही. मुलाचा ताबा आईबापांनी आपसांत वाटून घ्यायची चीज नाही. मुलाचं हित पाहून कोर्टाने हुकूम दिला तरच तो बजावता येतो. असा लेख फेकूनही देऊ नका. कोणी काय कबूल केलं होतं, याचा पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या आदिवासी पट्ट्यासाठी एक मुद्दा वेगळा आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची या अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, कलम २(२) तसं सांगतं. तिथे रस्ता पालक आणि पाल्य कायदा, १८९० चा. हाच कायदा मुस्लिम, ख्रिस्ती, सगळ्यांना चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात, आणि जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे कुटुंब न्यायालयात.

तुमच्याकडे हुकूमनामा आहे आणि अटी त्यात आल्या आहेत असं धरून पुढे जातो.

कणा आहे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम ३२. त्यातलं एक वाक्य पाठच करून ठेवा: ज्याच्यावर हुकूम आहे त्याला तो पाळायची संधी होती आणि त्याने जाणूनबुजून पाळला नाही, हे दाखवावं लागतं. ‘संधी होती’ आणि ‘जाणूनबुजून’. सामनेवाल्यांचा वकील सगळा जोर या दोन शब्दांवरच लावतो: हे आलेच नाहीत, कळवलंच नाही, मूल तापाने फणफणलं होतं, परीक्षा होती. तुम्ही दोन शनिवार वाट पाहून तिसऱ्या शनिवारी जायचं बंद केलं असेल, तर त्या तिसऱ्या शनिवारपासूनची संधी तुम्हीच दिलेली नाही. ही चूक इतकी सर्रास होते की पाच महिन्यांच्या तक्रारीतून पुराव्यानिशी दोनच तारखा उभ्या राहतात.

तेव्हा या महिन्यापासून, मूल येणार नाही हे माहीत असूनही, प्रत्येक ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर राहायचं. एक वही ठेवा आणि त्याच दिवशी लिहा. नोंद अशी दिसावी:

‘पहिला शनिवार. वेळ सकाळी ९. मी ८.४० ला अमळनेर स्टेशनवर. ८.४५ ला मेसेज केला: मी आलो आहे, मुलाला आणताय का? एकच टिक. ९.२० ला त्याच्या मामांना फोन, उचलला, म्हणाले तो झोपलाय. १०.१५ पर्यंत थांबलो. सोबत मामेभाऊ. प्लॅटफॉर्म तिकीट डकवलं आहे.’

एवढंच. राग, टोमणे, जुनी भांडणं वहीत नकोत, मेसेजमध्ये तर नकोतच. तुमचा प्रत्येक मेसेज उद्या छापून न्यायाधीशांसमोर जाणार आहे. ‘बघून घेईन’ हे दोन शब्द एकदा गेले की भीती वाटत होती म्हणून पाठवलं नाही, हा बचाव तुम्हीच लिहून दिलात. मेसेज, फोटो पुराव्यात घालताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे आता दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यामुळे फोन बदलू नका, विकू नका, चॅट पुसू नका. मूळ फोन जपून ठेवा.

त्यानंतर वकिलाची नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, पण ‘संधी’ सिद्ध करायला तिच्यासारखा स्वस्त पुरावा नाही. नोटीस एक पानाची ठेवा: हुकुमाची तारीख, कोणती अट, कोणत्या तारखांना भेट झाली नाही, आणि पुढच्या दोन ठरलेल्या तारखांना अमुक ठिकाणी मूल आणावं. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टानेच पाठवा. अमळनेरचा जुना पत्ता आणि सुरतचा पत्ता, दोन्हीकडे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका, जसंच्या तसं कोर्टात दाखल करा.

दरखास्त ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तिथेच लावायची. हिंदू विवाह कायद्याचं कलम २८-अ आणि कुटुंब न्यायालय असेल तर कुटुंब न्यायालये कायदा, १९८४ चं कलम १८, दोन्ही हेच सांगतात की असे हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखेच बजावायचे. मुदत हुकूमनाम्यापासून १२ वर्षं, तेव्हा ‘मुदत गेली’ या भीतीने घाईत अर्धवट अर्ज करू नका. पण हुकुमाला दोन वर्षं उलटली की समोरच्याला आदेश २१, नियम २२ ची नोटीस बंधनकारक होते आणि तेवढ्या तारखा वाढतात. तुमचं दीड वर्षच झालंय, ही जमेची बाजू.

दरखास्तीच्या अर्जात आदेश २१, नियम ११ प्रमाणे ठराविक रकाने असतात: प्रकरणाचा क्रमांक, पक्षकार, हुकुमाची तारीख, अपील झालंय का, आधी दरखास्त झाली होती का, आणि शेवटचा रकाना, कोणत्या प्रकारे मदत हवी. हा शेवटचा रकानाच सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो. ‘हुकूमनाम्याची अंमलबजावणी व्हावी’ एवढं लिहून मोकळे होतात आणि मग न्यायाधीशांनी नक्की काय करावं तेच कागदावर नसतं.

नियम ३२ खाली दिवाणी कैद होऊ शकते, मिळकत जप्त होऊ शकते, दोन्ही होऊ शकतं. जप्ती सहा महिने टिकूनही हुकूम पाळला नाही तर मिळकत विकून त्यातून नुकसानभरपाई देण्याचीही तरतूद आहे. बाईला दिवाणी अटक होत नाही असं कोणी ठामपणे सांगेल. ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६, आणि ते फक्त पैशाच्या हुकूमनाम्यापुरतं आहे. तरीही खरं सांगायचं तर सात वर्षांच्या मुलाला सांभाळणाऱ्या आईला भेट दिली नाही म्हणून आत टाकायला न्यायाधीश सहसा तयार होत नाहीत, आणि तुम्हीही त्यावर अडून बसू नये असं माझं मत आहे. त्या मुलाच्या लेखी आईला तुरुंगात घालणारे तुम्हीच असाल. कैदेची मागणी अर्जात असू द्या, ती दाब म्हणून असते, पण तिच्याआधी खरोखर हव्या त्या गोष्टी एकेक करून मागा.

बुडालेल्या भेटींची भरपाई आधी. दहा शनिवार-रविवार गेले असतील तर त्या बदल्यात येत्या सुट्टीतले तितके जादा दिवस. त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये भेटीच्या हक्काबरोबरच मुलाशी फोनवर, व्हिडिओवर बोलण्याचा संपर्काचा हक्कही महत्त्वाचा असल्याचं स्पष्ट केलं आहे, त्याचा आधार घ्या. शाळेचं नाव, निकालपत्र, पालकसभेची माहिती तुम्हालाही मिळावी. पत्ता बदलला तर सात दिवसांत लेखी कळवावं. पहिल्या काही भेटी कोर्टाच्या आवारात किंवा समुपदेशकासमोर व्हाव्यात, आणि प्रवासखर्चाची विभागणी ठरावी. यांतल्या ज्या गोष्टी मूळ हुकुमात नाहीत त्या दरखास्तीत मिळणार नाहीत, कारण अंमल करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या पलीकडे जात नाही. म्हणून दरखास्तीच्या जोडीने कलम २६ खाली अटी बदलून मिळण्याचा अर्ज त्याच कोर्टात लावायचा. संमतीने झालेला ताब्याचा हुकूमही मुलाच्या हितासाठी बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून सांगितलं आहे. दोन अर्ज शेजारी शेजारी चालले की समोरच्यांचाही समेटाकडे कल होतो. नुसत्या दरखास्तीने फक्त जुनी भांडणं वर येतात.

आता सुरतची अडचण. अमळनेरचं कोर्ट नोटीस सुरतला पाठवू शकतं, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९(४) मुळे आपल्या हद्दीबाहेरच्या माणसाविरुद्ध किंवा मिळकतीविरुद्ध थेट बजावणी करू शकत नाही. कैद किंवा जप्तीपर्यंत गोष्ट गेली तर हुकूमनामा सुरतच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. त्यासोबत हुकूमनाम्याची नक्कल, तो अजून फिटलेला नसल्याचा दाखला आणि आधीच्या बजावणीच्या आदेशाची नक्कल जाते. आदेश झालाच नसेल तर तसा दाखला. आपल्या तालुका कोर्टातले कागद मराठीत असतात. गुजरातीत किंवा इंग्रजीत भाषांतर करून सोबत द्या, नाहीतर पहिली तारीख भाषांतरातच जाते. आई किंवा तिच्या नावाची मिळकत इकडेच असेल तर वर्ग करायची गरजच उरत नाही. आणि अटी बदलायच्या अर्जात ‘मूल आता सुरतला राहतं, तुमच्या कोर्टाला अधिकार नाही’ अशी हरकत येईल. ती पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम ९ वरून येते. तुमचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालचा आहे, आणि ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला त्यालाच तो वेळोवेळी बदलायचा अधिकार ते कलम देतं. अर्जाच्या डोक्यावर कलम चुकीचं टाकलं तर ही हरकत नेमकी लागू पडते.

नोटीस बजावणीत दोन-तीन तारखा सहज जातात. बेलिफामार्फत चालू द्या, पण हमदस्तही (नोटीस स्वतः हाती नेऊन द्यायची परवानगी) मागा आणि पोस्टानेही पाठवा. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, ई-कोर्टच्या ॲपवर पाहत चला. ‘नोटीस बजावली नाही, फेर नोटीस’ असं दोनदा दिसलं तर वकिलाच्या फोनची वाट न पाहता पत्त्याची खातरजमा करा; मामाच्या घरी राहणाऱ्या माणसाचा खोली क्रमांक बहुधा चुकलेला असतो.

मूळ अटच ढिली असेल तर ती घट्ट करून घ्या. ‘सुट्टी निम्मी-निम्मी’ यात कोणती निम्मी, कोणाच्या शाळेची सुट्टी, हे कुठे आहे? महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्या शाळांच्या सुट्ट्यांच्या तारखा जुळत नाहीत. असंही बघण्यात येतं की अटींचा मसुदा करणाऱ्याने दिवाळी लिहिली आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) विसरला. इकडे आखाजीला लेकरं आजोळी किंवा आजीकडे असणं हा वर्षाचा मोठा हिशेब, आणि भांडण नेमकं तिथे पेटतं. कानबाईचा, म्हणजे खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचा, रविवार तसाच. नवी अट अशी काहीतरी लिहून घ्या:

‘दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ वाजता आई मुलाला नंदुरबार रेल्वे स्थानकाच्या मुख्य प्रवेशद्वाराजवळ वडिलांकडे देईल आणि रविवारी सायंकाळी ५ वाजता वडील त्याच जागी परत देतील. कोणाला उशीर होत असल्यास मेसेजने कळवावे. ६० मिनिटे वाट पाहणे बंधनकारक. आजारपणामुळे भेट रद्द झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांचा कागद पाठवावा आणि ती भेट लगतच्या शनिवारी व्हावी. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग सम वर्षी वडिलांकडे, विषम वर्षी आईकडे. सुट्टी म्हणजे मूल शिकत असलेल्या शाळेने जाहीर केलेली. आखाजीचा सण व कानबाईचा रविवार आलटून पालटून.’

नंदुरबार मुद्दाम घेतलं. अमळनेर, नंदुरबार, सुरत एकाच रेल्वेमार्गावर आहेत, आणि दोघांनी थोडं थोडं यावं हे कोर्टाला पटतं. नवापूर नको. ते स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. भांडण झालंच तर फलाटाच्या कुठल्या टोकाला झालं यावर चर्चा. वेळही विचार करून ठरवा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि दुपारी १ ची वेळ ठेवली तर ‘ऊन होतं म्हणून आणलं नाही’ हे कोणालाही पटेल. उन्हाळ्यापुरती वेळ सकाळी ८ अशी वेगळी लिहा.

समोरून येणारं सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे ‘मी पाठवायला तयार आहे, मूलच येत नाही’. कधी हे शिकवलेलं असतं, कधी खरंच असतं, आणि पाच महिन्यांनंतर शिकवलेलंही खरं होऊन बसतं. यावर ‘पोलीस लावून मूल द्या’ असं मागू नका. न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात एकट्याशी बोलतात. आपलं मत समजून सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर त्याचं मत विचारात घेता येतं. तुम्ही मागायचं ते समुपदेशकाचा अहवाल आणि पायऱ्यांनी वाढणारी भेट: पहिले चार शनिवार दोन-दोन तास तिसऱ्या माणसासमोर, मग पूर्ण दिवस, मग मुक्काम. वडील स्वतःहून कमीपासून सुरुवात करायला तयार आहेत हे दिसलं की ‘मूल घाबरतं’ हा बचाव पुढच्या तारखेला तितका टिकत नाही. पहिल्या भेटीला महागडी खेळणी घेऊन जाऊ नका. ‘आईने तुला काय शिकवलं’ हे तर अजिबात विचारू नका; ते त्याच संध्याकाळी घरी सांगितलं जातं.

खावटीचं, म्हणजे पोटगीचं, काय? ‘ती भेट देत नाही म्हणून मी पैसे थांबवले’ असं करून बसला असाल तर आधी ते सरळ करा. खावटी मुलाची आहे, भेटीचं भाडं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली बाकीपोटी तुमच्यावरच वॉरंट निघू शकतं, आणि दरखास्तीच्या पहिल्याच तारखेला समोरचा वकील बाकीचा तक्ता न्यायाधीशांपुढे ठेवेल. बँकेतून भरा, आईचं खातं बंद असेल तर कोर्टात भरा. रोख देऊन पावती न घेणं ही वेगळीच शिक्षा आहे.

अवमान याचिका लावू का, हे जवळपास प्रत्येकजण विचारतो. खालच्या कोर्टाच्या हुकुमाच्या अवमानाची शिक्षा उच्च न्यायालयच देतं. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते औरंगाबाद खंडपीठ, म्हणजे छत्रपती संभाजीनगर. न्यायालय अवमान कायदा, १९७१ खाली शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि भंगापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. पण दरखास्तीचा मार्ग मोकळा असताना थेट तिकडे गेलात तर आधी तो वापरा, असं ऐकून परत यायची शक्यता मोठी. आईने कोर्टाला हमी म्हणून लिहून दिलं असेल तर याचिकेला बळ येतं. नुसती सहमतीची अट असेल तर वाद होतो. म्हणून नवीन अटी करताना ‘उभय पक्ष या अटी पाळण्याची कोर्टास हमी देतात’ हे एक वाक्य घालून घ्या. हमी मोडली की तो कोर्टाचा अवमान ठरतो.

पोलिसांकडे फुकट चकरा नकोत. फार तर एकदा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. बंदोबस्त हवाच असेल तर तो कोर्टाकडून मागा. कोर्टाचा आदेश घेऊन गेलात की तेच पोलीस ठाणं सोबत माणूस देतं. शाळेच्या दारातून मूल परस्पर उचलणं हा मात्र शुद्ध वेडेपणा. त्या दिवसापर्यंत हुकूम मोडणारी ती होती, त्या दिवसानंतर तुम्ही. दाखला अडवून काही होईल असंही समजू नका. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जुन्या शाळेच्या दाखल्याअभावी नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण तीही इकडे नेहमी दिसते: ताबा आईकडे, सुट्टीत बापाने नेलं आणि शाळा सुरू झाली तरी परत दिलं नाही. तिथे दिवस मोजायचे असतात, महिने नाही. मूल नव्या शाळेत रुळलं की ‘आता इथेच बरं आहे’ हा युक्तिवाद दर आठवड्याला बळकट होतो. मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी लेखी मागणी, आणि त्याच आठवड्यात ज्या कोर्टाचा हुकूम त्याच्याकडे मूल हजर करण्याचा तातडीचा अर्ज. पालक आणि पाल्य कायद्यात कलम २५ खाली मूल परत देण्याचा आणि कलम १२ खाली ते हजर करण्याचा आदेश होतो. तो मोडला तर कलम ४५ मध्ये दंड आहे १०० रुपये आणि पुढे रोज १० रुपये, एकूण ५०० च्या आत. आकडे १८९० चे आहेत, हसू येईल. पण त्याच कलमात मूल हजर करण्याचं कबूल करेपर्यंत दिवाणी कैदही आहे, आणि तिथे मात्र कोणी हसत नाही. स्पष्ट हुकूम डावलून मूल दडवलं असेल तर खंडपीठात हेबियस कॉर्पस (बेकायदा ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, अशी याचिका) चालते. बेकायदा ताबा दाखवता आला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून शोध वॉरंट, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १००, हाही मार्ग लोक सुचवतात, पण तिथे गुन्हा ठरेल असं डांबून ठेवणं दाखवावं लागतं आणि सख्ख्या बापाबाबत ते जड जातं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली तात्पुरता ताबा मिळाला असेल तर लक्षात ठेवा, कलम ३१ ची एक वर्षापर्यंतची शिक्षा संरक्षण आदेशाच्या भंगाला आहे, नुसत्या ताब्याच्या आदेशाला नाही. म्हणून मागतानाच दोन्ही आदेश एकत्र मागावेत.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

वेळापत्रक उलटं मोजा. तुम्हाला मे महिन्याची निम्मी सुट्टी हवी आहे, आणि मे महिन्यात दिवाणी कोर्टांनाही उन्हाळी सुट्टी असते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज दिला तर नोटीस निघेपर्यंत कोर्ट बंद होतं आणि मूल जूनमध्ये पुन्हा शाळेत गेलेलं असतं. नकला जानेवारीत, नोटीस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दरखास्त आणि कलम २६ चा अर्ज फेब्रुवारी संपायच्या आत. सुट्टीपुरत्या अंतरिम भेटीचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्या आणि त्यावर मार्चमध्येच युक्तिवाद व्हावा अशी पुरसिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) टाका.